सिनेमाला करसवलत: पैसा कुणाचा, स्टुडिओ कुणाचा?



मागच्या भागात आपण चित्रपटगृहाच्या तिकिटावरच्या कराबद्दल बोललो. त्यावर हैदराबादच्या एका गृहस्थांनी मला छान प्रश्न विचारला. ते म्हणाले, "कर्नलसाहेब, आपल्याकडे अमुक चित्रपट टॅक्स फ्री झाला अशी बातमी येते. अमेरिकेतल्या सुपरहिरोंच्या सिनेमात शेवटी नावांची यादी संपत येते तेव्हा जॉर्जिया राज्याचं पीच फळाचं चिन्ह दिसतं. नातू म्हणतो, तो सिनेमा तिथे टॅक्स फ्री होता. खरं का?"

नातू अर्धा बरोबर आहे. करसवलतीचाच तो मामला, पण आपल्या 'टॅक्स फ्री'शी त्याचा काही संबंध नाही. आजचा सगळा भाग या फरकावर आहे. हा फरक कळला की मग एखाद्या राज्याचे मंत्री "आमच्याकडे फिल्म सिटी होणार" म्हणतात तेव्हा टाळ्या वाजवायच्या की प्रश्न विचारायचे, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आपलं 'टॅक्स फ्री' तिकिटावरचं असतं. पूर्वी करमणूक कर राज्याच्या हातात होता, राज्य तो माफ करायचं आणि तिकीट चांगलंच स्वस्त व्हायचं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, करमणूक कर त्यात विरघळला. आता राज्य सोडू शकतं ते फक्त आपल्या वाट्याचा निम्मा कर. १०० रुपयांवरच्या तिकिटाला आज १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे राज्याचा वाटा ९ टक्के. तेव्हा टॅक्स फ्री म्हणजे प्रेक्षकाला दिलेली छोटी सूट आणि सरकारनं चित्रपटाच्या पाठीवर मारलेली थाप. सिनेमा कुठे तयार झाला याच्याशी तिला देणंघेणं नाही.

जॉर्जियाचं पीच वेगळं. ती सवलत तिकिटावर नाही, निर्मितीवर आहे. सिनेमा आमच्या राज्यात येऊन बनवा, इथे पैसे खर्च करा, त्यातला ठरावीक हिस्सा आम्ही तुम्हाला करातून परत देऊ, असा तो सौदा. जॉर्जियानं २००५ साली यासाठी कायदा केला आणि २००८ साली तो जोरदार वाढवला. राज्यात किमान ५ लाख डॉलर खर्च करणाऱ्याला खर्चाच्या २० टक्के. वर आणखी १० टक्के, जर सिनेमात ते पीच दाखवलंत तर. म्हणजे नातवाला दिसलेलं ते फळ निव्वळ चिन्ह नाही, ती दहा टक्क्यांची पावती आहे.

आता हा पैसा प्रत्यक्षात कसा फिरतो ते बघू. आपल्या सोयीसाठी रुपयांत हिशेब करतो.

समजा एका सिनेमानं जॉर्जियात १०० कोटी खर्च केले. ३० टक्क्यांनी ३० कोटींचा 'टॅक्स क्रेडिट' मिळाला. क्रेडिट म्हणजे रोख रक्कम नव्हे. पुढे भरायच्या करातून वजा करण्याचा हक्क. इथे गंमत अशी की सिनेमाची कंपनी असते एका सिनेमापुरती. कॅलिफोर्नियातून आली, चार महिने राहिली, गेली. जॉर्जियाला तिनं भरायचा करच मुळात नसल्यासारखा. मग ३० कोटींची सूट कशातून वजा करणार? म्हणून कायद्यानं हे क्रेडिट विकायची मुभा दिली. जॉर्जियात कर भरणारी एखादी दुसरीच कंपनी, जिचा सिनेमाशी काही संबंध नाही, ते विकत घेते. डॉलरमागे साधारण ८५ ते ९० सेंट भाव मिळतो. आपल्या हिशेबात ८८ धरला तर सिनेमावाल्याला २६ कोटी ४० लाख रोख मिळाले. विकत घेणाऱ्यानं ३० कोटींचा कर २६ कोटी ४० लाखांत भागवला. मधल्या दलालानं आपलं काढून घेतलं. आणि राज्याच्या तिजोरीतून गेले पूर्ण ३० कोटी.

हे वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू द्या. सगळीकडे हीच रीत नाही. काही राज्यं सरळ धनादेश देतात. कर निघत नसेल तर उरलेली रक्कम रोख. ब्रिटनही तसंच करतं. भारत सरकार देतं ते प्रोत्साहनही खर्चाची भरपाई आहे, विकायचं क्रेडिट नाही. माझ्या मते धनादेशाची रीत प्रामाणिक. त्यात निदान अर्थसंकल्पात एक ओळ दिसते, इतके गेले म्हणून. विकायच्या क्रेडिटमध्ये पैसा जातो, पण जाताना दिसत नाही.

ही स्पर्धा सुरू कुठून झाली? कॅनडातून. १९९७ साली कॅनडाच्या केंद्र सरकारनं परदेशी निर्मात्यांसाठी मजुरीवर करसवलत आणली, प्रांतांनी आपापली भर घातली, आणि हॉलिवूडचं काम व्हँकूव्हर-टोरांटोकडे वाहू लागलं. अमेरिकेतल्या राज्यांपैकी लुइझियानानं २००२ साली जोरात उत्तर दिलं. त्यानंतर एक प्रकार घडला तो जॉर्जियाच्या फारच जिव्हारी लागला असं म्हणतात. गायक रे चार्ल्स जन्मानं जॉर्जियाचा. त्याचं गाणं जॉर्जियाचं अधिकृत राज्यगीत. आणि त्याच्या आयुष्यावरचा 'रे' हा २००४ चा सिनेमा चित्रित झाला लुइझियानात, सवलत होती म्हणून. आपल्याकडे शाहीर साबळ्यांवरच्या सिनेमाचं चित्रीकरण, पैसे वाचतात म्हणून, सगळं परराज्यात करावं तसं हे. पुढच्याच वर्षी जॉर्जियाचा कायदा आला.

इथवर झाली सिनेमाची गोष्ट. आता स्टुडिओची, आणि माझ्यासारख्या माणसाला खरा रस तिथेच आहे.

सिनेमावाले आणि आम्ही फौजी यांच्यात काही शब्द सारखे आहेत. जागा पाहायला जाणं याला ते 'रेकी' म्हणतात, आम्हीही. ते 'युनिट' म्हणतात, आम्हीही. तेव्हा हे फौजी भाषेत सांगतो. चित्रीकरणाचं युनिट म्हणजे मोर्च्यावर निघालेली तुकडी. तंबू, ट्रक, लंगर, जनरेटर बरोबर. आली, राहिली, कूच केलं. तिच्यामागे उरतात चुलीचे दगड आणि हॉटेलवाल्याची वही. स्टुडिओ म्हणजे छावणी. पक्क्या बराकी, गोदाम, वर्कशॉप, शाळा, बाजार. महू, देवळाली, कामठी, बेळगाव या गावांत राहिलेल्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पलटणी येतात-जातात, पण छावणी असते म्हणून शिंपी, न्हावी, चांभार, दूधवाला यांच्या तीन-तीन पिढ्या तिथे पोसल्या जातात.

करसवलतीचा सगळा खेळ याच प्रश्नावर ठरतो. सवलत फक्त तुकडी बोलावते की छावणी वसवते?

छावणी वसवणं महाग. साउंड स्टेज म्हणजे नुसती शेड नव्हे. चाळीस-पन्नास फूट उंच, मध्ये एकही खांब नाही, बाहेरचा ट्रक किंवा वरून जाणारं विमान ऐकू येणार नाही अशा भिंती, छताला टनांनी दिवे टांगता येतील असा सांगाडा, कारखान्याला लागते तेवढी वीज. हे बांधणारा पंधरा-वीस वर्षांचा हिशेब मांडतो. सिनेमा चार महिन्यांचा, सरकार चार-पाच वर्षांचं, स्टुडिओ वीस वर्षांचा. म्हणून सवलत किती टक्के यापेक्षा ती किती वर्षं टिकणार हा आकडा स्टुडिओवाल्याला मोलाचा. जॉर्जियानं इथे बाजी मारली. त्यांनी सवलतीला वरची मर्यादा घातली नाही, संपण्याची तारीखही घातली नाही. दरवर्षी नव्यानं मंजुरीची कटकट नाही. मग ब्रिटनचा नावाजलेला पाइनवूड स्टुडिओ तिथल्या भागीदारांबरोबर आला आणि २०१४ साली अटलांटाच्या दक्षिणेला फेयेटव्हिलमध्ये पाइनवूड अटलांटा उघडला. 'अँट-मॅन'पासून मार्व्हलचे मोठमोठे सिनेमे तिथे झाले. पुढे ब्रिटिश भागीदारानं आपला वाटा विकला, २०२० मध्ये नाव बदलून 'ट्रिलिथ' झालं, आणि शेजारी घरं-दुकानांची वसाहत उभी राहिली. सेनोया नावाच्या लहानशा गावात 'द वॉकिंग डेड' ही मालिका दुसऱ्या सत्रापासून २०२२ पर्यंत, म्हणजे तब्बल १० सत्रं चालली. मालिका छावणीला फार मानवते. सिनेमा एकदा येतो, मालिका दरवर्षी त्याच दारात येते.

२०१५ मध्ये राज्यानं जॉर्जिया फिल्म अकादमी सुरू केली. तिथे दिग्दर्शक घडवायचे नव्हते; दिवे लावणारे, सेटचे सुतार, वायरमन, सामान हलवणारे तयार करायचे होते. हे मला फार पटलं. फौजेत जसं दारूगोळ्याआधी सुभेदार-हवालदार तयार लागतात, तसं हे. बाहेरून येणाऱ्या निर्मात्याला सगळी माणसं विमानानं आणावी लागली तर तुमची सवलत विमान कंपनीलाच मिळाली.

आता जी छावणी मी फाटकाबाहेरून का होईना पाहिली, तिच्याबद्दल. मुलगी काही वर्षं अटलांटात होती, तेव्हा जावई मला गाडीतून फोर्ट मॅकफर्सनवरून घेऊन गेला. ही अमेरिकन भूसेनेची १८८५ पासूनची छावणी. सैन्याच्या एका मोठ्या कमांडचं मुख्यालय तिथे होतं. २०११ मध्ये खर्चकपातीत ती बंद झाली. त्यातली सुमारे ३३० एकर जागा २०१५ साली टायलर पेरी या कृष्णवर्णीय निर्माता-दिग्दर्शकानं ३ कोटी डॉलरला घेतली आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे स्टुडिओचं रीतसर उद्घाटन केलं. १२ साउंड स्टेज, प्रत्येकाला सिडनी पॉइटिए, ओप्रा विन्फ्रे अशा कृष्णवर्णीय कलावंतांची नावं. 'ब्लॅक पँथर'चं काही काम याच आवारात झालं. अधिकाऱ्यांचे जुने बंगले पाडले नाहीत; तेच सेट म्हणून वापरतात. जावई विचारत होता, "बाबा, वाईट वाटतं का?" मी म्हटलं, अजिबात नाही. रिकाम्या बराकीपेक्षा वाईट दृश्य फौजी माणसाला दुसरं नाही. तिथे दिवे लागलेले दिसले, बास.

ही झाली उजळ बाजू. आता मिशिगन राज्याकडे चला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मंडळींनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

२००८ मध्ये मोटार उद्योग बुडत होता. मिशिगननं देशातली सर्वांत उदार सवलत जाहीर केली, ४० ते ४२ टक्के, तीही रोख मिळणारी. पाँटियाक शहरात जनरल मोटर्सची मोठी इमारत रिकामी झाली होती. तिथे भव्य स्टुडिओ उभारायचं ठरलं. त्यासाठी १ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे काढले. रोखे फेडले नाहीत तर काय, याची हमी कुणी दिली? राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीनं. शिक्षक, पोलीस, कारकून यांच्या म्हातारपणाचा पैसा सिनेमाच्या शेडला जामीन राहिला.

२०११ मध्ये डिस्नेचा 'ओझ द ग्रेट अँड पॉवरफुल' तिथे चित्रित झाला. त्याच वर्षी नवे गव्हर्नर आले, त्यांनी खर्चाकडे पाहिलं आणि सवलतीवर वर्षाला २.५ कोटी डॉलरची मर्यादा घातली. एका मोठ्या सिनेमालाच त्याहून जास्त लागायची. काम आटलं. २०१२ मध्ये रोख्यांचा हप्ता चुकला आणि तो निवृत्तिवेतन निधीला भरावा लागला. २०१५ मध्ये राज्यानं योजनाच बंद केली. पुढे त्या इमारतीत विल्यम्स इंटरनॅशनल ही लहान जेट इंजिनं बनवणारी कंपनी आली, जिची इंजिनं क्रूझ क्षेपणास्त्रांना लागतात.

लंडनजवळच्या लीव्ह्सडनची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे मॉस्किटो विमानं बनायची. पुढे रोल्स-रॉइस तिथे हेलिकॉप्टरची इंजिनं बनवायची. कारखाना बंद पडला. १९९५ चा जेम्स बाँडपट 'गोल्डनआय' तिथे चित्रित झाला, मग हॅरी पॉटरचे सगळे सिनेमे, आणि २०१० मध्ये वॉर्नर ब्रदर्सनं जागाच विकत घेतली. म्हणजे लीव्ह्सडनला इंजिनाच्या कारखान्याचा स्टुडिओ झाला आणि पाँटियाकला स्टुडिओचा इंजिनाचा कारखाना. दोन्हीकडे सवलत होती. फरक इतकाच की ब्रिटनमध्ये २००७ पासून सरकारं बदलली, पंतप्रधान तर किती बदलले याची गणती नको, पण चित्रपटाची सवलत कुणी मोडली नाही. उलट दुरुस्त करत राहिले. २०२४ पासून तिचा आकडा ३४ टक्के दिसतो, पण त्या रकमेवर कर बसत असल्यानं हातात साधारण साडेपंचवीस टक्के पडतात. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मला फार शहाणपणाची वाटते. २०२३ च्या फेरमूल्यांकनात स्टुडिओंच्या जागांवरचा स्थानिक कर भरमसाट वाढला, तेव्हा इंग्लंडमधल्या स्टुडिओंना त्या करात २०३४ पर्यंत ४० टक्के सूट दिली. सिनेमाला दिलेली सवलत निर्मात्याच्या खिशात जाते. जागेवरच्या करातली सूट भिंतींना मिळते, आणि भिंती पळून जात नाहीत.

कॅलिफोर्नियालाही हे उशिरा का होईना उमगलं. २०२१ मध्ये त्यांनी १५ कोटी डॉलर वेगळे काढले, ते फक्त राज्यात नव्या बांधलेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या स्टेजवर काम करणाऱ्यांसाठी. काम हवंय, पण नव्या छताखाली हवंय, अशी अट.

आता तुम्ही विचाराल, राज्याला हे परवडतं का? सरळ सांगतो, करातून वसूल होत नाही. आपलं १०० कोटींचं उदाहरण घ्या. जॉर्जियात आयकराचा दर ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास. सगळेच्या सगळे १०० कोटी तिथल्याच लोकांच्या पगारात गेले असं धरलं, तरी आयकरातून ५-६ कोटी परत येणार. तो पैसा बाजारात दोन-तीनदा फिरला, विक्रीकर मिळाला, तरी ३० कोटी भरून निघणं कठीण. शिवाय सगळा पैसा तिथल्या लोकांना मिळतच नाही. बाहेरून आलेल्या कलाकारानं जॉर्जियात केलेल्या कामाचं मानधनही काही अटींवर खर्चात धरतात. २०२० च्या जानेवारीत राज्याच्याच लेखापरीक्षकांनी ताशेरे मारले: कागदपत्रं पुरेशी न तपासता क्रेडिट दिलं गेलं, आणि राज्याचा आर्थिक विकास विभाग फायद्याचे आकडे फुगवून सांगत होता. त्यानंतर कायदा बदलून प्रत्येक निर्मितीचं लेखापरीक्षण टप्प्याटप्प्यानं सक्तीचं केलं. म्हणजे तोवर, बारा वर्षं, सक्तीचं नव्हतं. आमच्या पलटणीत कॅन्टीनच्या साबणाचा हिशेबसुद्धा दर तीन महिन्यांनी तपासत.

पण म्हणून ते मूर्ख ठरतात असं मी म्हणणार नाही. छावणीही करातून वसूल होत नाही. राज्य इथे महसूल विकत घेत नाही, रोजगार विकत घेतं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की एका सुताराची एक वर्षाची नोकरी केवढ्याला पडली, आणि तेवढ्याच पैशात दुसऱ्या धंद्यात दोन सुतार लागले असते का. हे गणित मांडून दाखवणारा मंत्री मला अजून कुठल्या देशात दिसलेला नाही.

आणि सवलत अमर्याद ठेवूनही वारं फिरतं. जॉर्जियात २०२२ च्या आर्थिक वर्षात ४४० कोटी डॉलरचा चित्रीकरण-खर्च झाला होता. २०२३ मध्ये लेखक आणि कलाकारांचे दोन लांब संप झाले, ओटीटी कंपन्यांनी हात आखडला, मार्व्हलनं मोठे सिनेमे ब्रिटनला नेले. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यविम्याचा बोजा निर्मात्यावर असतो, ब्रिटनमध्ये ती सोय सरकारची. २०२५ च्या आर्थिक वर्षात हा खर्च २३० कोटींवर आला. टायलर पेरीनंही २०२४ मध्ये ८० कोटी डॉलरचा विस्तार थांबवला. कारण दिलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं, यंत्रच दृश्य बनवणार असेल तर नव्या स्टेज कशाला. टक्का तोच राहिला, छावणीतला बाजार मात्र मंदावला.

माझ्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार मुंबईत एका स्टुडिओच्या सुरक्षेचं काम बघतात. त्यांना हे सगळं फोनवर सांगत होतो. ते म्हणाले, "साहेब, ते डॉलरचं मला काही कळत नाही. सेट लागला की दीडशे माणसं, सेट मोडला की मी आणि कुत्री. लागोपाठ सेट लागले पाहिजेत, एवढंच."

आपल्याकडचं सांगायचं तर महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मराठी चित्रपटासाठी १९७५ साली राज्यानं करपरतीची योजना आणली. तुमच्या सिनेमानं भरलेला करमणूक कर तुम्हाला परत मिळेल, पण पुढचा मराठी सिनेमा काढलात तर. पैसा धंद्यातच फिरत राहावा ही कल्पना अस्सल होती. तिच्यामुळे मराठी सिनेमा तगला हे खरं, आणि कर परत मिळवण्यापुरते घाईघाईत उरकलेले सिनेमे निघाले ही तक्रारही खरी. १९७७ साली गोरेगावला चित्रनगरी उभी राहिली. ती चालली, कारण मुंबईचा सगळा हिंदी उद्योग दाराशी होता. त्याउलट कोल्हापूरला मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी बांधली, पण तिथे काम येत राहील अशी सोय झाली नाही, आणि ती कितीतरी वर्षं ओस पडली. ज्या गावात जयप्रभा आणि शालिनी हे स्टुडिओ होते, त्या गावात. अलीकडे तिची डागडुजी होऊन चित्रीकरणं सुरू झाली आहेत, हे चांगलंच.

करसवलतीनं भिंती उभ्या राहिल्याचं आपलं सर्वांत ठळक उदाहरण स्टुडिओचं नाही, मल्टिप्लेक्सचं आहे. २००० नंतर महाराष्ट्रानं नव्या मल्टिप्लेक्सना पहिली काही वर्षं करमणूक कर माफ केला आणि बघता बघता शहराशहरांत ती उगवली. जुन्या एकपडदा थिएटरवाल्याला ती माफी नव्हती. शेजारचा बिनकराचा, हा करासकट. पुढे काय झालं ते आपल्या गावातलं बंद थिएटर बघून ज्यानं त्यानं ओळखावं.

हैदराबादच्या आमच्या प्रश्नकर्त्यांच्या दाराशी रामोजी फिल्म सिटी आहे, १९९६ पासून. तिचं बलस्थान करसवलत नव्हे. एका फाटकाच्या आत राहणं, जेवण, सेट, प्रयोगशाळा, रेल्वे स्टेशन, विमानतळ सगळं मिळतं. निर्मात्याचा वाचलेला दिवस हीच तिथली सवलत. उत्तर प्रदेशनं २०२० मध्ये यमुना एक्स्प्रेसवेजवळ फिल्म सिटीची घोषणा केली. जम्मू-काश्मीरनं २०२१ मध्ये आपलं चित्रपट धोरण आणलं. यातलं प्रत्येक राज्य टक्के सांगतं. दरवर्षी किती दिवस स्टेज भरलेली असेल, हे कुणी सांगत नाही.

केंद्र सरकारनं २०२२ मध्ये कानच्या महोत्सवात परदेशी चित्रपटांसाठी ३० टक्के भरपाई जाहीर केली, पण वरची मर्यादा २ कोटी रुपये. मोठ्या परदेशी सिनेमाच्या चहापाण्याला तेवढे लागतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या इफ्फीत ती ४० टक्के आणि मर्यादा ३० कोटी केली, भारतीय आशय भरपूर असेल तर आणखी ५ टक्के. हे आता दखल घेण्याजोगं आहे. पण 'लाइफ ऑफ पाय' आठवा. गोष्टीची सुरुवात पुदुच्चेरीची, थोडं चित्रीकरण तिथे आणि मुन्नारला झालं. समुद्राचा सगळा भाग मात्र तैवानमध्ये ताइचुंग शहराच्या बंद पडलेल्या विमानतळावर, खास बांधलेल्या लाटांच्या प्रचंड टाकीत. तैवान सरकारनं मदतही केली. अकरा हजार किलोमीटरच्या किनाऱ्याचा आपला देश, आणि आपल्या पोराची होडी तैवानच्या हौदात. कारण दिग्दर्शकाला किनारा नको होता. हव्या तेव्हा हव्या तेवढ्या लाटा देणारी टाकी हवी होती. टाकी, स्टेज, ती चालवणारी माणसं हे आधी असलं तर ४० टक्क्यांचा उपयोग.

उलट दिशेचंही एक सांगून थांबतो. ब्रिटनच्या सवलतीसाठी एकूण मूळ खर्चापैकी किमान १० टक्के तिथे व्हावा लागतो आणि सांस्कृतिक निकषांवर गुण मिळवावे लागतात. अलीकडे हिंदी आणि मराठी सिनेमांच्या कथा वारंवार लंडनला जातात. त्यातली कथेची गरज किती आणि त्या सवलतीची ओढ किती, हे नावांची यादी शेवटपर्यंत बसून वाचली तर बऱ्यापैकी कळतं. लोक उठून जातात तेव्हा बसा. नातवालाही बसवा.

पुढच्या भागात ओटीटीवरच्या जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क नेमके कुणाकडे असतात, ते बघू.